पाच वाजताची वाटी : शुश्रूषा केंद्रातील सायंकाळच्या अल्पोपहाराच्या प्रकल्प नोंदी

२९ मे २०२५, गुरुवार

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीतील आम्ही पाच जणांनी मानपाड्याजवळच्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सायंकाळचा अल्पोपहार पोहोचवायचे ठरवले आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की प्रसूतीचे किंवा लहानसहान शस्त्रक्रियांचे रुग्णालय डोळ्यांसमोर येते, म्हणून आधीच सांगते की हे तसे नाही. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा निव्वळ वार्धक्य यांमुळे घरी सांभाळणे अशक्य झालेली २८ माणसे येथे कायमची राहतात. दुपारचे जेवण साडेबाराला आणि रात्रीचे साडेसातला होते. मधल्या सात तासांत चार वाजता चहा आणि दोन बिस्किटे मिळतात. स्वयंपाकघर दोन मावश्यांवर चालते आणि त्यांना सायंकाळी आणखी काही करायला सवड नाही, हे व्यवस्थापकांनी मोकळेपणाने सांगितले.

त्यांनी एकच अट घातली, ती अन्न सुरक्षा नोंदणीची. फुकट द्यायच्या पदार्थांना नोंदणी कशाला, असे आम्हाला वाटले होते. परंतु २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातील व्याख्येत नफ्यासाठी असो वा नसो, असे स्पष्ट शब्द आहेत, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. लहान व्यवसायाच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज घरबसल्या भरता येतो. हे काम सर्वांत आधी करावे, कारण आम्ही ते शेवटी केल्यामुळे आमचे आठ दिवस वाया गेले.

७ जून, शनिवार

पहिला दिवस पोह्यांचा. जांभळी नाक्यावरून दीड किलो जाडे पोहे आणले, साडेतीनला फोडणीला टाकले आणि स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून रिक्षाने दहा मिनिटे कमी पाचला पोहोचलो. डब्यात वाफ कोंडल्यामुळे वरचा थर ओला आणि तळाचा गोळा झाला होता. बशीत वाढल्यावर तेच पोहे पाच मिनिटांत कोरडे पडले. सर्वांनी "छान झालेत हो ताई" असे म्हटले आणि २६ पैकी १५ बश्या अर्ध्याहून अधिक भरलेल्या परत आल्या. (उरलेले दोघे नळीने अन्न घेतात.) या वयात भूकच कमी असते, असे आम्ही एकमेकींना सांगू लागलो होतो. तेवढ्यात बश्या विसळणाऱ्या मावशींनी आम्हाला हाक मारून बोलावले. पोहे खाल्लेल्या बश्यांतही शेंगदाणे एकेक करून काठाला लावून ठेवलेले होते आणि मिरचीचे तुकडे बाजूला काढलेले होते.

एका आजींनी कवळी काढून बेसिनमध्ये धुतली आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटलेला मोहरीचा एक दाणा मला बोटावर घेऊन दाखवला. "पोहे चांगले होते गं," त्या म्हणाल्या, "पण ही एवढीशी मोहरी खड्यासारखी टोचते बघ. मग पुढचा घास नको वाटतो." हे आम्हाला कधीच सुचले नसते. आजपासून एक वही घातली आहे. तिच्यात काय वाढले यापेक्षा बशीत काय परत आले, हे लिहायचे आहे.

रेल्वेत नोकरी केलेल्या एका आजोबांनी निघताना विचारले, "पावसाळा लागला, भजी कधी?" पुढच्या आठवड्यात पाहू, असे मी सांगून टाकले. ते तपासल्याशिवाय सांगायला नको होते.

१० जून, मंगळवार

मोहरीचा उपाय सोपा निघाला. फोडणी नेहमीसारखी तेलात करायची, मोहरी, जिरे, कढीपत्ता, हिंग आणि मिरची त्यात पुरती उतरू द्यायची आणि ते तेल गाळणीतून पदार्थात ओतायचे. स्वाद सगळा येतो आणि दाणा एकही येत नाही.

तो उपाय आज मात्र उपयोगाचा नव्हता, कारण आज शिरा केला होता आणि मधुमेहींचा विचार करून साखरेऐवजी गूळ घातला होता. सिस्टरांनी दारातच विचारले, "काकू, यात गोड काय आहे?" गूळ आहे, साखर नाही, असे मी अभिमानाने सांगितले. त्यांनी शांतपणे समजावले की रक्तातली साखर गुळानेही तशीच चढते आणि येथे ११ जण मधुमेही आहेत. त्या ११ जणांना आम्ही केंद्रातली बिस्किटे दिली. एकाच खोलीत शेजारच्या खाटेवर वेलचीचा वास येणारा शिरा आणि इकडे रोजचे बिस्किट, हे दृश्य आम्हा पाचही जणांना फार लागले. त्यानंतर नियम केला की एका दिवशी एकच पदार्थ करायचा आणि तो सर्वांना चालणारा असायचा. ज्यांना गोड चालते त्यांच्यासाठी गोडवा वेगळ्या लहान डब्यात न्यायचा आणि तो सिस्टरांनीच घालायचा.

१२ जून, गुरुवार

आज पदार्थ नेला नाही. सिस्टरांसमोर दीड तास बसून २८ माणसांचा तक्ता उतरवून घेतला. हे काम पहिल्या दिवसापूर्वीच करायला हवे होते.

गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञ महिन्यातून दोनदा येथे येतात आणि त्यांनी प्रत्येकाची पातळी ठरवून दिलेली आहे. ही आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ० ते ७ अशी असून तिच्यातल्या ४, ५ आणि ६ या तीन पातळ्यांशी आमचा संबंध आहे. सहाव्या पातळीचे १४ जण मऊ पदार्थ खातात, पण तुकडा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. पाचव्या पातळीच्या ८ जणांना ओलसर आणि चार मिलिमीटरपर्यंत बारीक केलेले लागते. साध्या काट्याच्या दोन दात्यांमधली फट साधारण तेवढीच असते, म्हणून मोजायला काटा पुरतो. चौथ्या पातळीच्या ४ जणांना एकही कण न राहिलेला गुळगुळीत पदार्थ लागतो. तो चमच्यावर आपला आकार धरून राहिला पाहिजे आणि चमचा तिरपा केल्यावर सहज घसरून पडला पाहिजे. चमच्याला चिकटून बसला तर तो घशातही चिकटतो.

याशिवाय तिघांना मूत्रपिंडाचा विकार असल्यामुळे शहाळ्याचे पाणी आणि टोमॅटोचे सार चालत नाही. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्या एका आजींना पालेभाजी एकदम जास्त देऊन चालत नाही. कंपवाताच्या एका आजोबांची गोळी साडेचारला रिकाम्या पोटी असते, त्यामुळे त्यांना पाचच्या आत काहीही द्यायचे नाही. आम्ही पहिल्या दिवशी हौसेने त्यांनाच सर्वांत आधी वाढले होते.

२१ जून, शनिवार

काट्याची परीक्षा आता घरीच घेतो. पदार्थाच्या तुकड्यावर काटा ठेवून अंगठ्याने, नख पांढरे पडेपर्यंत दाबायचे. तुकडा सहज चिरडला गेला आणि काटा उचलल्यावर पुन्हा फुगला नाही, तर तो सहाव्या पातळीला चालतो. या आठवड्यात आमच्या पाच घरांत जे जे केले जाते ते सगळे काट्याखाली घातले. थालीपीठ नापास झाले, याचे कोणालाच आश्चर्य वाटले नाही. ढोकळा मऊ दिसतो, पण तोंडात भुगा होतो आणि तो भुगा गोळा करून गिळणे त्यांना जमत नाही. राजगिऱ्याच्या लाडवाचेही तसेच. पावाने मात्र फसवले. आम्ही तो सर्वांत सुरक्षित समजत होतो, पण तो लाळेने लगदा होऊन टाळ्याला आणि घशाला चिकटतो. सिस्टरांनी पाव कोणत्याही रूपात आणू नका असे बजावले. इडली सांबारात पुरती भिजली असेल तरच चालते. उपमा एका वाटी रव्याला चार वाट्या पाणी घातल्यावर पास झाला, पण मटार घातले तर त्याची साल राहते. मुगाचे धिरडे पातळ कढीबरोबर उत्तम.

भज्यांची परीक्षा मुद्दाम लिहीत नाही. आजोबांना अजून थांबा म्हणून सांगितले आहे.

२६ जून, गुरुवार

या दिवसाची चूक सर्वांत गंभीर होती. घोडबंदर मार्गावर माजिवड्यापासून पुढे गाडी हलेना आणि आम्ही सव्वासहाला पोहोचलो. उपमा अजून गरम होता, सर्वांना भूकही लागली होती, म्हणून वाढला आणि त्यांनी तो चवीने खाल्ला. साडेसातला बहुतेकांनी जेवण नको म्हटले. त्यांपैकी एका आजोबांना सातला इन्सुलिन दिलेले होते. सिस्टरांच्या लक्षात आले म्हणून त्यांनी नऊला साखर तपासली, ती ७२ निघाली आणि आजोबांना दूध देऊन रात्री पुन्हा तपासावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दूरध्वनीवर बोलल्या, रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज थकलेला होता.

ठरले ते असे : वाढण्याची वेळ पाच ते साडेपाच. पावणेसहा उलटून गेल्यावर पोहोचलो तर डबा मावश्यांकडे द्यायचा आणि पदार्थ रात्रीच्या जेवणाचा भाग म्हणून वाढायचा की टाकायचा, हे सिस्टर ठरवतील. घरून निघण्याची वेळ चार दहावरून साडेतीनवर आणली. लवकर पोहोचलो तर बसून राहतो. गप्पा मारायला माणसे असतातच.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

हा दिवस आमच्या वारांत नव्हता, पण १९ जणांचा उपवास होता आणि सर्वांची मागणी साबुदाण्याच्या खिचडीची होती. आदल्या दिवशी घरी खिचडी काट्याखाली घेतली. दाणा चिरडत नव्हता, नुसता चपटा होऊन काट्याला ओढला जात होता. तुपाचे, दह्याचे, जास्त भिजवण्याचे असे तीन प्रयोग केले आणि अर्धा किलो साबुदाणा वाया घालवला. शेवटी वरईचे तांदूळ चौपट पाण्यात अगदी मऊ शिजवले आणि त्यावर दाण्याच्या बारीक कुटाची गाळलेली आमटी घातली. मूत्रपिंडाच्या विकाराच्या तिघांना आमटीऐवजी जिऱ्याची पातळ ताककढी दिली.

पोह्यांच्या दिवशी मोहरी दाखवणाऱ्या आजींनी वाटीत पाहून म्हटले, "एकादशीला साबुदाणा नाही, मग एकादशी कसली?" त्यांना कारण सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत आणि वाटी मात्र अर्धीच परत आली. वहीत लिहिताना आम्ही ते पदार्थाचे अपयश म्हणून लिहिले नाही, पण यश म्हणूनही लिहिले नाही. नाही म्हणायचे असेल तेव्हा आदल्या दिवशी जाऊन, शेजारी बसून सांगावे, वाटी हातात देताना सांगू नये.

१५ जुलै, मंगळवार

उकड. मऊ, पचायला हलकी आणि सर्वांच्या लहानपणची, म्हणून तिच्याकडून फार अपेक्षा होत्या. घरी नेहमी करतो तशी एका वाटी तांदळाच्या पिठाला अडीच वाट्या ताक या प्रमाणात केली आणि डबा उघडला तेव्हा तिच्या वड्या पडतील इतकी ती घट्ट झाली होती. मावश्यांनी कढत पाणी घालून घोटली तर गुठळ्या झाल्या. चौथ्या पातळीच्या चौघांना आज केंद्रातले नाचणीचे सत्त्वच द्यावे लागले.

१७ जुलै, गुरुवार

पुन्हा उकड, कारण मनातून जात नव्हती. प्रमाण एकास चार केले : ९०० ग्रॅम पीठ आणि त्याच्या चौपट मापाचे, फार आंबट नसलेले ताक. पीठ थंड ताकात आधी कालवून गाळून घेतले, म्हणजे गुठळीचा प्रश्नच उरला नाही. लसूण, मिरची आणि हिंगाची फोडणी भरपूर तेलात करून गाळून घातली. ती मंद आचेवर झाकण ठेवून दोन वाफा येईपर्यंत शिजवली आणि शिवाय दोन लिटर पातळ ताक थर्मासमध्ये कोमट करून वेगळे नेले, ते वाढताना प्रत्येकाच्या पातळीप्रमाणे थोडे थोडे घालून सैल केले. घरून निघताना उकड ८४ अंश सेल्सिअस होती, वाढताना ६६. गरम अन्न ६० अंशांच्या खाली येऊ द्यायचे नाही, हा अन्न सुरक्षेचा नियम पाळण्यासाठी ३५० रुपयांचा तापमापक घेतला आहे आणि त्याची किंमत वसूल झाली आहे. मात्र तोंडात घालण्यापूर्वी वाटीत थोडे निवू द्यावे लागते, कारण काहींना चटका बसल्याचे सांगता येत नाही.

२६ पैकी २३ वाट्या रिकाम्या आल्या. कित्येक महिने कोणाशी न बोललेल्या एका आजींनी चमचा वाटीच्या तळाशी फिरवून फिरवून खरवडला. तो आवाज खोलीत सर्वांनी ऐकला आणि सिस्टर दारात थांबून राहिल्या.

२४ जुलै, गुरुवार

बशी बंद केली. कंपवाताच्या आजोबांचा चमचा पसरट बशीत पदार्थाच्या मागे मागे जातो आणि पदार्थ काठावरून मांडीवर पडतो. मग ते लाजून खाणेच थांबवतात आणि मावशींनी भरवू नये असेही त्यांना वाटते. उभ्या काठाच्या ३० जड वाट्या प्रत्येकी ४५ रुपयांना घेतल्या. वाटीखाली ओला रुमाल घडी करून ठेवला की ती सरकत नाही, हे एका मावशींनी सुचवले. आज आजोबांनी धिरड्याचे तुकडे कढीसह स्वतःच्या हाताने खाल्ले. अर्धा तास लागला, पण पाचला सुरुवात असल्यामुळे अर्धा तास होता.

भरवताना आणि खातानाही पाठ सरळ हवी आणि खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, हे आमच्यापैकी प्रत्येकाला आता पाठ आहे.

३१ जुलै, गुरुवार

हिशेब. साहित्याला दिवसाला सरासरी ४२० रुपये, म्हणजे माणशी सुमारे १६ रुपये लागतात. रिक्षाला जाऊन-येऊन २४० रुपये. महिन्यात १३ फेऱ्या धरल्या तर ८,५८० रुपये आणि गॅसचे साधारण ४०० रुपये होतात. सोसायटीतील ११ घरे प्रत्येकी ८०० रुपये देतात, म्हणजे १८० रुपये कमी पडतात. एकदाच झालेला खर्च असा : गरम राहणारे दोन डबे २,३०० रुपये, वाट्या १,३५० रुपये, तापमापक ३५० रुपये आणि नोंदणी १०० रुपये, एकूण ४,१०० रुपये. रिक्षाचा खर्च साहित्याच्या निम्म्याहून अधिक आहे, याचा विचार आरंभी केला नव्हता. ज्यांना चालत जाता येईल अशा अंतरावर केंद्र असेल त्यांनी तेच निवडावे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पावसाचा जोर असा की आज घराबाहेर पडता आले नाही. चार वाजता केंद्रात दूरध्वनी करून येत नाही असे सांगणे फार जड गेले, कारण आता पाच वाजता माणसे दाराकडे पाहत बसतात, असे मावशी सांगतात. गेल्याच मंगळवारी, १२ तारखेला, अंगारकी होती. दिनदर्शिका न पाहता उपमा नेला आणि चंद्रोदयापर्यंत उपवास असलेल्या नऊ जणांच्या वाट्या तशाच परत आल्या. लागोपाठ दोन मंगळवार असे गेले.

उपाय म्हणून केंद्रात एक घट्ट झाकणाचा राखीव डबा ठेवला आहे : कोरडा भाजलेला बारीक रवा, नाचणीचे सत्त्व, वरईचे पीठ. मावश्यांना २० मिनिटांत काही करता यावे, एवढेच त्यात आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो रिकामा करून ताजा भरायचा. दिनदर्शिकेवर उपवासांचे दिवस लाल शाईने रंगवले आहेत.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीचे दिवस. उकडीच्या मोदकाची पारी काट्याला चालली, पण ओले खोबरे पाचव्या पातळीला चालत नाही, तोंडात किस उरतो. सारणाऐवजी गूळ आणि वेलची घातलेले घट्ट नारळाचे दूध केले आणि पारीचे बारीक तुकडे त्यात बुडवून दिले. मधुमेहींना बिनगुळाचे दूध आणि सिस्टरांनी मोजून घातलेला एक चमचा गूळ. चालले.

१३ सप्टेंबर, शनिवार

भजी. तीन महिने आजोबांना थांबवून ठेवले होते आणि या काळात घरी चार वेळा फसलो होतो. कांद्याची भजी कढीत सोडून पाहिली तर कांद्याचा दोरा राहत होता आणि वरची तळलेली साल दहा मिनिटांनी चामड्यासारखी होत होती. सोडा वाढवला तर भजे कढीत विरघळून जात होते, शिवाय सोड्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांना सोडियम जास्त जाते. जमले ते असे. मुगाची डाळ चार तास भिजवून बारीक वाटली आणि हाताने भरपूर फेसली, म्हणजे सोडा लागत नाही. कांदा किसून, तेलात पूर्ण मऊ होईपर्यंत परतून, निववून त्यात घातला. बोराएवढी भजी मंद आचेवर फिकीच तळली आणि दहीवड्यासारखी २० मिनिटे गरम पाण्यात बुडवून, हलक्या हाताने दाबून, पातळ गरम कढीत सोडली. काट्याखाली पहिल्याच दाबाला चिरडली गेली. पाचव्या पातळीसाठी कढीतच कुस्करली आणि चौथ्या पातळीसाठी मिक्सरमधून काढून गाळली. वास मात्र सर्वांच्या वाटीत भज्यांचाच होता. मिक्सर केंद्रात नेऊन तेथेच फिरवावा, घरून आणलेले वाटण थिजते.

आजोबांनी पहिले भजे बराच वेळ तोंडात घोळवले. "भजीच आहेत," ते म्हणाले. "आवाज तेवढा गेला." मग दुसरे घेतले, तिसरे घेतले आणि वाटी पुढे करून विचारले, "ओवा नाही घातलात?"

ओव्याचा दाणा कवळीखाली जाईल म्हणून आम्ही तो मुद्दाम वगळला होता. ओवा कुटून पाण्यात उकळायचा, ते पाणी गाळून डाळ वाटताना घालायचे, असे मंगळवारसाठी ठरवले आहे. डाळ सव्वा किलो, कढीला दही दोन किलो.